फ्रिजवरचे स्वभाव

सोमवारी सकाळी आठच्या हजेरीला तिला उभं राहायचं होतं, आणि घरात बाळ सांभाळायला माणूस नव्हतं. म्हणजे माणसं होती. तीन होती, धडधाकट होती, दोन्ही वेळा पोटभर जेवत होती. पण गेल्या मंगळवारपासून त्यांना स्वभाव फुटले होते. तान्ह्या पोराला दात फुटतात तसे, आणि किरकिरही तेवढीच.

ती म्हणजे या घरची सून. पोलीस शिपाई, बक्कल नंबर अकराशे सत्त्याऐंशी. तिची बाळंतपणाची रजा रविवारी संपत होती. सासरे याच खात्यातून चार वर्षांपूर्वी हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नवरा ठाण्यात हरवलेल्या वस्तूंच्या तक्रारी लिहून घ्यायचा. सासूबाई खात्यात नव्हत्या, पण तीस वर्षं त्यांनी खात्याच्या गणवेशांना इस्त्री केली होती आणि खात्याच्या वेळी-अवेळी चुली पेटवल्या होत्या, त्यामुळे घरात त्यांचा हुद्दा सगळ्यांच्या वर. आणि सात महिन्यांची मुलगी. तिला सगळे फौजदार म्हणत, कारण तिनं मूठ आपटली की अख्खं घर उठून उभं राहायचं.

अशा घरात मालिकावाले शिरले.

वरच्या साहेबांचा निरोप होता. टीव्हीवर पोलीस कुटुंबाची मालिका येणार आहे, लेखकाला नमुनेदार घर बघायचंय, सहकार्य करा. सहकार्य करा म्हटल्यावर सासूबाईंनी पडदे धुतले, सासऱ्यांनी दारामागच्या खुंटीवरचा जुना पट्टा काढून दात घासायच्या ब्रशनं बक्कल लख्ख केलं, आणि नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी दाढी केली.

लेखक आला तो काळ्या टी-शर्टात. पँट गुडघ्यावर फाटकी, पण शिंप्यानं मोजून फाडलेली. बुटांना नाड्या होत्या. बांधायला याला सवड नव्हती. बरोबर एक मुलगी, तिच्या हातात चार रंगांच्या कार्डांचा गठ्ठा. लेखक बोलायचा, ती कार्डावर लिहायची. फौजदारानं दोघांकडे एकवार पाहिलं आणि जांभई दिली. आईला लेकीचा त्या क्षणी फार अभिमान वाटला.

"आम्हाला खरे स्वभाव हवेत," लेखक म्हणाला. "मातीतली माणसं."

"तिसऱ्या मजल्यावर माती कुठून आणायची?" सासूबाई म्हणाल्या. कार्डवाली खुदकन हसली. लेखकानं ते ऐकलं नाही. तो स्वतःच्याच पुढच्या वाक्याची वाट बघत होता.

"तर आजोबा, घरात तुम्ही कसे असता?"

सासरे उठून उभे राहिले. हातात पेन असलेल्या माणसानं प्रश्न विचारला की ते उभे राहत. छत्तीस वर्षांची खोड. छाती पुढे काढून म्हणाले, "शिस्त. शिस्तीत असतो."

आता हे धादांत खोटं होतं. या माणसाच्या डाव्या खांद्यावर बाळाचं लाळेरं कायम असायचं. आदल्याच दिवशी ते तसंच खांद्यावर टाकून बँकेत जाऊन आले होते. बिस्किटाचे ते आधी चार तुकडे करायचे, मग आठ, मग त्यातला सगळ्यात गोल तुकडा फौजदारासमोर नाचवायचे. आणि ठाण्यात त्यांना कुणी हवालदार म्हणतच नसे. त्यांचं नाव होतं पाळणा. बाजारात हरवलेलं, गर्दीत आईचा हात सुटलेलं, रडून काळंनिळं झालेलं पोर ठाण्यात आलं की वरिष्ठापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे एकच हाक मारत, पाळणा कुठाय? मग हे यायचे, टोपी टेबलावर ठेवायचे, पोराचा कान आपल्या छातीला लावायचे, आणि पुटपुटत हजेरी घ्यायचे. दोनशे चौदा, हजर. तीनशे सहा, हजर. पाचशे अकरा, रजेवर. तीसेक नंबर होईतो पोर गाढ.

ती नवीन भरती होऊन त्या ठाण्यात आली तेव्हा तिनं हे स्वतः पाहिलं होतं. एका हरवलेल्या पोराला झोपवून हवालदार तास-दीड तास पाय न हलवता बसला होता, पायाला मुंग्या आल्या तरी. पोराची आई आली तेव्हा याला उठवायला दोघं लागले. त्यांच्या मुलाचं स्थळ नंतर आलं. मुलगा तिनं नीटसा पाहिलासुद्धा नाही. सासरा आधीच पसंत होता.

"पाळण्याचं सांगा की बाबा," ती म्हणाली.

सासऱ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं तिनं चारचौघांत त्यांचा बनियन मागितला. "कसला पाळणा," ते लेखकाला म्हणाले. "काही नाही. लिहा, शिस्त."

लेखकानं डोळे मिटले. त्याला म्हणे पात्र दिसायला लागलं होतं. "पोलादी," तो म्हणाला. "लिही. पोलादी. शब्दाचा पक्का. हसत नाही. लहान मूल उचलत नाही, पण लांबून बघतो. या घरात कायदा त्याचा."

मग सासूबाई. त्या पंधरा मिनिटं बोलल्या: पाण्याची वेळ, जिन्यातला दिवा, शेजारणीची सून, गुडघे, पुन्हा पाण्याची वेळ. लेखकानं मान डोलवली आणि लिहवून घेतलं, "मूक. सोसणारी. फक्त डोळ्यांनी बोलते." नवऱ्याच्या नावावर आलं, "ज्वालामुखी. आत धुमसत असतो." ज्या माणसाच्या हातून आजवर फार तर दुधाचं पातेलं उतू गेलं होतं, तो ज्वालामुखी.

शेवटी तिची पाळी. लेखकानं तिला काहीच विचारलं नाही. तिच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, "कर्तव्य की ममता? कात्रीत सापडलेली. शेवटी ममता."

"शेवटी ममता म्हणजे?"

"म्हणजे साधारण ऐंशीव्या भागात तुम्ही राजीनामा देता."

"कुणाला विचारून?"

"अहो, बाळाला ताप येतो ना. एकोणऐंशीव्या भागात."

या गृहस्थानं तिच्या पोरीच्या तापाची तारीखसुद्धा लावून ठेवली होती. आयुष्यात कधी रात्रीचं औषध चमच्यात मोजलं नसेल यानं, थर्मामीटर कुठे लावतात ते विचारलं तर खिडकीकडे बघेल, आणि हा सांगणार ममता कशी जिंकते. तिच्या ओठांवर एक शब्द आला. तो ठाण्यात चालतो, बाळासमोर चालत नाही. तिनं गिळला.

पण खरा घोटाळा पुढेच झाला. सासूबाईंनी हौसेनं कार्डांची एकेक प्रत मागून घेतली आणि लोहचुंबकाच्या फुलांखाली फ्रिजवर ओळीत लावली.

दुसऱ्या कुठल्या घरात हसण्यावारी गेलं असतं. या घरात नाही. या घरानं तीन तपं जे काही केलं ते फळ्यावर लागलेलं वाचून केलं होतं. कुणाची नेमणूक कुठे, कुणाची सुट्टी रद्द, कुणाला कुठल्या चौकात उभं राहायचंय. कागद फळ्यावर लागला की तो कुणी लिहिला, शहाण्यानं की खुळ्यानं, हे विचारायची यांच्यात रीतच नव्हती. वाचायचं आणि हजर व्हायचं. फ्रिजवर लागलं म्हणजे फळ्यावर लागलं.

बुधवारी सकाळी सासूबाई गप्प होत्या. तिला वाटलं, दात दुखतोय. मग लक्षात आलं, त्या डोळ्यांनी बोलत होत्या. मीठ हवं असलं की बरणीकडे बघायच्या, मग तिच्याकडे, मग परत बरणीकडे. दूधवाला घाबरून अर्धा लिटर जास्त देऊन गेला. नवरा आरशासमोर उभा राहून नाकानं जोरात श्वास सोडत होता.

"सर्दी झालीय का?" तिनं विचारलं.

"धुमसतोय," तो म्हणाला.

"मग खिडकी उघड. आणि जाता जाता दुपट्यांची बादली बाहेर ठेव."

ज्वालामुखीनं बादली बाहेर ठेवली. तेवढी तरी त्याची मूळची चांगली सवय शाबूत होती.

सासऱ्यांचं मात्र बघवेना. खांद्यावरचं लाळेरं गेलं. गुरुवारी फौजदार रांगत रांगत त्यांच्या पायाशी गेली, पँट धरून उभी राहायला बघू लागली, वर तोंड करून तिच्या त्या चार दातांनी हसली. म्हाताऱ्याची बोटं वळवळली. सून दारातून बघत होती. तिला स्पष्ट दिसलं. पण त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि खिडकीबाहेर पाहिलं. लांबून बघतो, असं लिहिलं होतं ना. बाळ दोन फुटांवर होतं, म्हणून हे स्वतःच चार पावलं मागे सरकले, अंतर नीट पडावं म्हणून.

पोरगी धपकन बसली. रडली नाही. आजोबांच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

शनिवारी तिनं विषय काढला. सासरे खुर्चीत ताठ बसून चहा पीत होते. पूर्वी बशीत ओतून फुर्रर्र करायचे. पोलादी माणूस बशीत पीत नसावा.

"बाबा, सोमवारपासून मी जातेय. सकाळचं सगळं करून ठेवीन. दहाला पेज, बाराला झोप. आईंच्या गुडघ्यांना तिला उचलून फिरवणं झेपत नाही. तुम्ही म्हणाला होतात, दवाखान्यात, ही झाली त्या दिवशी, पोरगी माझ्याकडे दे आणि तू कामावर जा."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. आवाज कुठूनतरी पोटातून काढला. "या घरात," ते म्हणाले, आणि थांबले, कारण पुढे काय म्हणायचं ते कार्डावर नव्हतं. "या घरात बघू."

"बघू म्हणजे?"

"तुझंही एक कार्ड आहे, सूनबाई. वाच."

चार वर्षांत त्यांनी तिला कधी सूनबाई म्हटलं नव्हतं. ते तिला बक्कल म्हणायचे. ए बक्कल, चहा घेतलास का? ए बक्कल, आज कुठे पॉइंट? तिला त्या सूनबाईनं कानफटात बसल्यासारखं झालं. ती आत गेली, दार लावलं आणि बाळाला दूध पाजता पाजता, एका हातानं, पेटीतला गणवेश काढून खाटेवर पसरला. सदरा छातीत घट्ट होत होता. एक गुंडी सरकवून लावायला हवी होती. बाळाच्या गालाखाली हात तसाच ठेवून, सुई दातात धरून, तिनं गुंडी लावली. ऐंशीव्या भागात म्हणे राजीनामा. लाव म्हणावं तुझ्या गुंडीला टाका आधी.

नवऱ्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, "मी बोललो असतो गं बाबांशी. पण माझं कसं आहे, मी एकदा बोललो की फुटेन."

"मग फूट."

"ते साठाव्या भागात आहे," तो म्हणाला. तोंड पडलं होतं बिचाऱ्याचं. तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

रविवारी रात्री कार्डवालीचा फोन आला. सोमवारी सकाळी सातला ते येतील, आजोबांची सकाळ बघायची आहे, फक्त बघणार, काही बोलणार नाहीत. सासूबाईंनी डोळ्यांनीच घड्याळाकडे पाहिलं. ती म्हणाली, "या की. जरूर या." आणि पहिल्यांदाच त्या आठवड्यात ती नीट झोपली.

सोमवारी सातला लेखक आला. बूट तसेच, नाड्या तशाच. सासरे खिडकीशी उभे, हात पाठीमागे, दाढी इतकी गुळगुळीत की गालावर दोन ठिकाणी कापलेलं. नवरा कोपऱ्यात नाकानं श्वास घेत होता. सासूबाई सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या. इतकं बोलायचं होतं त्यांना की बुबुळं दुखत असतील.

"वा," लेखक कुजबुजला. "काय फ्रेम आहे."

ती आतून आली. पूर्ण गणवेशात, केस घट्ट बांधलेले, बुटांना पॉलिश. कडेवर फौजदार, न्हालेली, पावडर लावलेली, आणि पहाटेच झोपेतून उठवल्यामुळे कुठल्याही क्षणी भोंगा सुरू करेल अशी. ती सरळ सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, धरा."

सासऱ्यांनी लेखकाकडे पाहिलं.

"धरा म्हणते. सव्वासात झालेत."

"मी... लांबून..." सासरे म्हणाले.

"ताई, एक मिनिट," लेखक पुढे झाला. "ते मूल उचलत नाहीत. त्यांच्या स्वभावात नाही ते."

ती वळली. ठाण्यात कुणी रांग मोडून पुढे घुसला की ती वळायची तशी. "तुमच्याच हातचं लिहिलेलं वाचू का?" फ्रिजवरच्या फुलाखालून तिनं सासऱ्यांचं कार्ड काढलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. "शब्दाचा पक्का. लिहिलंय की नाही? मग शब्द कुठला दिला होता, ते या माणसांसमोर सांगा. दवाखान्यात, माझ्या उशाशी उभं राहून. मला सलाईन लागलं होतं, ऐकू येत होतं."

सासऱ्यांचे डोळे कार्डावर फिरले, वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर. एका कागदावर दोन हुकूम. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा. एक पाळावा तर दुसरा मोडतो.

निकाल फौजदारानं दिला. तिनं तोंड उघडलं, एक श्वास आत घेतला, इतका लांब की सगळ्यांनी आपापला रोखला, आणि मग जो टाहो फोडला त्यानं खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. तिनं आईच्या कडेवरून दोन्ही हात आजोबांकडे टाकले आणि निम्मं अंग हवेत झोकून दिलं. पाच दिवसांची थकबाकी होती ती.

पोलाद-बिलाद कुठल्या कुठे गेलं. म्हाताऱ्यानं झेपच घेतली. डावा हात मानेखाली, उजवा बुडाखाली, बाळाचा कान छातीला. छत्तीस वर्षांचा सराव, एक बोटसुद्धा चुकलं नाही. भिंतीला पाठ टेकून ते खाली सरकले, मांडी घातली आणि पुटपुटायला लागले.

"दोनशे चौदा, हजर. तीनशे सहा, हजर. पाचशे अकरा, हजर..."

पाचशे अकरा मागच्या वर्षी गेले होते. तीनशे सहासुद्धा. तिला माहीत होतं. आज सगळे हजर होते.

टाहोचा हुंदका झाला, हुंदक्याची उचकी. कार्डवालीनं हळूच विचारलं, "हे लिहू?"

लेखक वैतागला होता. "छे, छे. सगळा आजोबाच ढासळला. हे पोलादीत बसत नाही." त्यानं जरा विचार केला. "असं करू, हे त्या विनोदी हवालदाराला देऊ. जाडा आहे ना तो. लोक हसतील. आजोबा, एकदा परत खिडकीशी उभं राहता का? बाळ आईकडे देऊन—"

"अहो, तुम्ही आधी तोंड मिटा!" सासूबाई कडाडल्या. पाच दिवसांचं साठलेलं होतं. "पोरगी झोपतेय दिसत नाही? आणि ते बूट काढा, सकाळीच फरशी पुसलीय मी! आणि नाड्या बांधा, जिन्यात पडाल नि आमच्याच डोक्यावर येईल. मूक म्हणे! पाच दिवस मीठ मागायला मान मोडून घेतली मी. तुला काय झालंय रे, नाकात काय अडकलंय? ठाण्यावर जा! आणि तू, पोरी, चहा घेशील? तू बस. याला नाही."

कार्डवाली बसली. लेखक दारात उभ्यानंच नाड्या बांधायला वाकला. त्याला गाठ येत नव्हती. फासे घातले, सुटले, परत घातले. ज्वालामुखी त्याच्या शेजारी बसला आणि हळू आवाजात, हरवलेल्या छत्रीची तक्रार लिहून घेताना बोलतो तितक्या नम्रपणे म्हणाला, "थांबा साहेब, मी दाखवतो."

तिनं स्वतःचं कार्ड फ्रिजवरून काढलं, चौघडी केली आणि खाटेच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. खाट स्थिर झाली. एवढा तरी उपयोग. मग टोपी घातली, बाळाकडे वाकली नाही, कारण वाकली असती तर सव्वाआठ वाजले असते, आणि दार ओढून बाहेर पडली.

जिन्याच्या पहिल्या वळणावर ती थांबली. छातीत दूध दाटून आल्यासारखं दुखत होतं. वरून दाराच्या फटीतून हजेरी ऐकू येत होती, संथ, गुणगुणल्यासारखी. "...नऊशे दोन, हजर. हजार चाळीस, हजर." हे जुन्या ठाण्याचे नंबर नव्हते. हे आताचे होते. म्हाताऱ्याला आताचे नंबर कसे ठाऊक? मग आठवलं, तीच सांगायची, रोज संध्याकाळी, चहा घेताना.

"अकराशे सत्त्याऐंशी," वरून आवाज आला. आणि थांबला.

"हजर!" ती म्हणाली. सवय. मोठ्यानं, पोट आत घेऊन, मैदानावर म्हणतात तसं. जिना घुमला.

वर फौजदारानं पुन्हा भोंगा सुरू केला.

"अगं जा की आता, बाई!" सासूबाई दारातून ओरडल्या. "झोपलेली उठवलीस!"

"ए बक्कल," मागून सासऱ्यांचा आवाज, त्या रडण्याच्याही वर, "पळ, उशीर होईल!" मग पुन्हा पहिल्यापासून, न कंटाळता, "दोनशे चौदा, हजर..."

ती दोन-दोन पायऱ्या उतरत सुटली.